धुळ्याच्या घरातला फोन ठेवावा की काढावा?

गेले तीन महिने आमच्या घरात एका फोनवरून वाद चालू आहे. धुळ्याच्या जुन्या घरातला तो तारेचा फोन आहे. आम्ही नोकरीनिमित्त जळगावला, लेखनिक. आई मात्र धुळ्याचे घर सोडायला तयार नाही. वडील जाऊन नऊ वर्षे झाली. घरात आता आई, आणि कोनाड्यात तो बटणांचा फोन. बिल आम्ही भरतो, तेव्हा काय ते आम्हीच ठरवावे असे बहिणींचे म्हणणे पडले.

आमची मुलगी इंजिनिअरिंगला आहे. ती म्हणाली, "पप्पा, तुम्ही बीकॉम ना? मग हिशेब करा." केला. भाडे २५० रुपये, त्यावर १८ टक्के जीएसटीचे ४५, म्हणजे महिन्याला २९५ आणि वर्षाला ३,५४०. एवढ्या पैशांत वस्तीतल्या अभ्यासिकेला स्पर्धा परीक्षेच्या पुस्तकांचा चांगला गठ्ठा येतो. सभेत उभे राहून अनाठायी खर्च टाळा, मुलांना शिकवा, असे आम्हीच सांगत असतो. त्यामुळे पोरीपुढे आमचे तोंड बंद झाले.

पण तो फोन कसा आला होता हे तिने पाहिलेले नाही. वडील एसटीत वाहक होते. अर्ज करून वर्षानुवर्षे वाट पाहिल्यावर १९९५ साली फोन लागला. तेव्हा बीएसएनएल नव्हते, ते १ ऑक्टोबर २००० ला झाले. त्याआधी सगळे दूरसंचार खात्याकडे. ठेवीची रक्कम भरायला आईने भिशीचे पैसे काढून दिले. गल्लीतला तो पहिला फोन. मग काय, लग्नपत्रिकेवर, नोकरीच्या अर्जावर, मुलीच्या स्थळाच्या चिठ्ठीवर, जिकडेतिकडे आमचा नंबर आणि त्याच्यापुढे 'पी.पी.' ही दोन अक्षरे. ज्याच्याकडे फोन नाही त्याला शेजारच्या फोनवर बोलवायचे, त्याला पी.पी. म्हणत. आम्ही तेव्हा शाळेत होतो. "चालू ठेवा, बोलावतो," असे म्हणून धावत सुटायचे हे आमचे काम. पलीकडच्या माणसाचे मीटर पळत असायचे, म्हणून चपलाही घालायच्या नाहीत.

११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या माता रमाबाई आंबेडकर नगरात गोळीबार झाला आणि १० जणांचा जीव गेला. आमच्या गल्लीतल्या तीन घरांची माणसे तेव्हा मुंबईत होती. संध्याकाळी आमची ओसरी बायामाणसांनी भरून गेली. मुंबईची लाइन लागेना. एक मावशी हातात चिठ्ठी घेऊन बसून होती. चिठ्ठीवर तिच्या मुलाच्या चाळीतला नंबर, तोही पी.पी.च. रात्री उशिरा लाइन लागली. वडिलांनी रिसीव्हर तिच्या कानाला लावला आणि ती काहीच बोलली नाही, नुसती ऐकत राहिली. मुलगा सुखरूप होता. त्या रात्रीचे पैसे वडिलांनी कोणाकडून घेतले नाहीत. बिल आल्यावर आई चार दिवस धुसफुसत होती, हेही सांगितले पाहिजे.

पुढे वडील समाजकार्यात जास्त पडले, तसा फोन रात्री-अपरात्री वाजू लागला. कधी वसतिगृहात प्रवेश अडलेला, कधी शिष्यवृत्तीचा कागद परत आलेला. एकदा रात्री दोन वाजता एका खेड्यातून फोन आला. वरातीवरून मारहाण झाली होती आणि पोलीस ठाण्यात फिर्याद घ्यायला टाळाटाळ चालली होती. वडील मिळेल त्या ट्रकने गेले, सकाळपर्यंत ठाण्याच्या पायरीवर बसले, ॲट्रॉसिटीची कलमे लागल्यावरच उठले. गावाचे नाव लिहीत नाही, तिथे आज त्या कुटुंबाची मुले नांदत आहेत.

मुलगी म्हणते, आता १४५६६ आहे ना! खरे आहे. अत्याचाराच्या तक्रारीसाठी ही राष्ट्रीय हेल्पलाइन डिसेंबर २०२१ पासून चोवीस तास चालू आहे, पैसे पडत नाहीत. हा आकडा प्रत्येकाने आपल्या भिंतीवर लिहून ठेवावा. आमच्या कोनाड्यातल्या फोनवाचून कोणाचा न्याय अडून राहील, असा आमचा समज नाही.

मग राहिली आई. तिच्याकडे साधा मोबाइल आहे, पण तो कधी उशीखाली तर कधी पिठाच्या डब्यावर. तिला अक्षरओळख बेताची, मात्र बोटांना नंबर पाठ. जानेवारी २०२१ मध्ये तारेच्या फोनवरून मोबाइल लावताना आधी शून्य दाबायचा नियम आला, तेव्हा तिचे सगळे पाठांतर बिघडले होते. आठवडाभर आमचा फोन तिला लागला नाही. मग तिने शून्यासकट सगळे पुन्हा पाठ केले.

गेल्या जूनमधल्या वादळात धुळ्याच्या आमच्या भागात रात्रभर वीज नव्हती. तिचा मोबाइल बंद. आम्ही जळगावात घिरट्या घालतो आहोत. पारोळ्यामार्गे निघायचे तर शंभरेक किलोमीटर, बाहेर मुसळधार पाऊस. घरचा फोन लावला आणि दुसऱ्या रिंगला आवाज आला, "जयभीम, कोण?" तांब्याच्या तारेतून एक्स्चेंजमधल्या बॅटरीची ४८ व्होल्टची वीज येते, घरच्या विजेशी तिचा संबंध नसतो. म्हणून अंधारातही तो फोन वाजतो. त्या रात्री आम्ही जाहीर करून टाकले की फोन काढायचा नाही.

आणि दिवाळीआधी रस्ता खोदताना केबल तुटली. दोन महिने फोन मुका. आलेला लाइनमन भला माणूस होता, निवृत्तीला टेकलेला. तो म्हणाला, "साहेब, सोबतचे सगळे गेले. मी एकटा किती खांब बघू?" बीएसएनएलमधून स्वेच्छानिवृत्तीने ३१ जानेवारी २०२० या एकाच दिवशी ७८ हजारांहून जास्त कर्मचारी बाहेर पडले, त्यातले त्याचे सोबती. तांब्याची तार आता जोडण्यात अर्थ नाही, फायबर घ्या, नंबर तोच राहील, असे त्याने सांगितले. मात्र फायबरची पेटी घरच्या विजेवर चालते. वीज गेली की फोनही गेला. ज्या गुणासाठी फोन ठेवायचा तोच गुण जाणार. हा पेच एकट्या धुळ्याचा नाही. ब्रिटनमध्येही जुनी तांब्याची सेवा बंद होणार आहे. एकटे राहणाऱ्या म्हाताऱ्या माणसांची मदतीची घंटा त्याच तारेवर चालते, म्हणून तिथे मुदत जानेवारी २०२७ पर्यंत वाढवावी लागली.

तार तात्पुरती जोडली गेल्यावर आम्ही आईला एक वही दिली. येईल त्या फोनची रेघ मारायची, कोणाचा ते शेजारच्या मुलाने लिहायचे. महिन्यात २२ रेघा झाल्या. ९ मावशीच्या आणि बहिणींच्या, ७ कर्ज आणि विमा विकणाऱ्यांच्या, ४ आमच्या, मोबाइल न उचलल्यावर केलेल्या. उरलेल्या २ वडिलांसाठी. एक साक्री तालुक्यातली आजी होती, नातवाच्या जात पडताळणीचे विचारत होती. वडील गेल्याचे तिला ठाऊक नव्हते. नंबर कुठून मिळाला म्हणून आईने विचारले, तर म्हणाली, कपाटाच्या दाराआड लिहिलेला आहे. तिच्या नातवाचे काम आम्ही हातात घेतले आहे. पण ती रेघ कोणत्या खात्यात टाकायची हे आमच्या बीकॉमला समजले नाही.

मागच्या रविवारी धुळ्याला गेलो. फोन परत करण्याचा अर्ज लिहून खिशात होता. आईला सगळे समजावून सांगितले, भाडे, फायबर, बॅटरी. तिने ऐकून घेतले आणि म्हणाली, "ऱ्हाऊ दे रे भाऊ. तो मोबाइल माले सापडत नही. हाई जठे शे तठेच ऱ्हास." पुढे आमच्याकडे बोलण्यासारखे काही उरले नाही.

तेव्हा असे ठरले आहे. फायबर घ्यायचे, नंबर तोच ठेवायचा. पेटीला जोडायला लहान बॅटरी आम्ही घेऊ, रात्र निघेल एवढी. खर्च कमी होण्याऐवजी वाढणार, म्हणून इंटरनेटचा उपयोग अभ्यासिकेतल्या मुलांनी आमच्या ओसरीवर बसून फॉर्म भरायला करावा, ही मुलीची अट. तिच्या आजीने ती मान्य केली, फक्त चपला बाहेर काढायच्या या बोलीवर. लाइनमन येत्या आठवड्यात पेटी बसवायला येतो म्हणाला आहे. जुनाच फोन त्या पेटीला लागतो, हे आईने त्याच्याकडून दोनदा वदवून घेतले.