हिर्डोशीचे पाणी आणि श्मश्रूची रीत

पुण्याहून भोर गाठावे आणि तेथून महाडची वाट धरावी. नीरा-देवघर धरणाचा जलाशय मागे पडत जातो, रस्ता वरंध घाटाकडे वळू लागतो, आणि घाटमाथ्याच्या अलीकडेच हिर्डोशी लागते. हा मुलूख हिरडस मावळाचा, बांदल देशमुखांचा. पुढे येथे भोरच्या पंतसचिवांचा अंमल झाला. ते संस्थान १९४८ साली विलीन झाले. पावसाळ्यात येथील प्रत्येक डोंगराच्या अंगावर ओहळांचे पांढरे पट्टे उमटतात.

अशा स्थळाच्या वर्णनात श्मश्रूचा विषय यावा, याचे वाचकांस नवल वाटेल. परंतु मुक्कामास गेलेल्या पुरुषास सकाळी प्रथम आठवते ती दाढीच. आणि हिर्डोशीचा गुण आम्हांस कळला तोही दाढीच्या निमित्ताने. शहरातील कूपनलिकेच्या पाण्यावर जो साबण कसाबसा फेसाळे, तोच येथील पावसाच्या पाण्यात दोन हातांनी वाडगाभर झाला.

कारण साधे आहे. पावसाचे पाणी मृदू असते. तेच जमिनीत मुरून राहिले म्हणजे त्यात खडकांतील चुन्याचे व मॅग्नेशियमचे क्षार उतरतात. मग साबणाचा फेस न होता साका होतो. अशा दुष्फेन पाण्यात वस्तरा त्वचेवरून सरकत नाही, खरवडत जातो. ज्यांच्या घरी असे पाणी आहे त्यांनी ते उकळून निवळू द्यावे, म्हणजे जडपणा काही अंशी तरी कमी होतो.

तथापि नुसत्या पाण्याने काम होत नाही. त्यास वेळ द्यावा लागतो. आमच्याबरोबरच्या एका स्नेह्यांची मान दाढीनंतर नेहमी लाल होऊन चुरचुरे, आणि ते दोष पात्यास देत. येथे कचेरीची घाई नव्हती. कढत पाण्यात पिळलेला पंचा त्यांनी तीन-चार मिनिटे गालांवर धरला, आणि त्या दिवशी तेच पाते निमूट चालले. भिजलेला केस फुगून मऊ होतो व थोड्या जोराने कापला जातो. खेड्यातील जुना न्हावी साबणावाचूनच वाटीतले पाणी बोटांनी कितीतरी वेळ दाढीत जिरवी. मगच तो सिल्लीवर परजलेला वस्तरा धोकटीतून काढी. त्याच्या सावकाशपणास आपण आळस म्हणत आलो. ते शास्त्र होते.

दुसरी गोष्ट केसांच्या ओढीची. गालावर केस खाली वळतात, मानेवर मात्र कित्येकांचे आडवे किंवा वरही वळतात. बोट फिरवून ती दिशा पाहावी आणि त्याच दिशेने, हलक्या हाताने, आखूड ओढीने पाते चालवावे. उलट्या हाताने दाढी अधिक गुळगुळीत होते खरी, परंतु केस त्वचेच्या आत तुटून, वाढताना कातडीतच वळतो, आणि पुळ्या उठतात. शेवटी थंड पाणी व किंचित खोबरेल पुरे. अमेरिकेत किंग जिलेट यांस पाते बदलावयाच्या वस्तऱ्याचे पेटंट १९०४ साली मिळाले, तेव्हापासून धार विकत मिळू लागली. धीर मात्र विकत मिळत नाही.

ज्याच्या हाती वस्तरा, त्याच्या हाती मान. हा विश्वास महाराष्ट्राने नाभिकांवर फार पूर्वीपासून टाकला आहे. १६६० साली पन्हाळ्याच्या वेढ्यातून महाराज निसटले, तेव्हा याच हिरडस मावळातील बांदलांची माणसे बाजीप्रभूंसह घोडखिंडीत उभी राहिली. आणि महाराजांचा वेष घेऊन पालखीत बसलेला शिवा काशीद नाभिक समाजाचा होता, असे परंपरा सांगते.

आज त्या विश्वासास एक नवी जोड हवी. हेपटायटिस-बी या काविळीचे विषाणू शरीराबाहेर, वाळलेल्या रक्तातही, निदान सात दिवस टिकतात. म्हणून दुकानात बसताच नवे पाते आपल्या डोळ्यांदेखत लावण्यास सांगावे, आणि गिऱ्हाइकागणिक फिरणारा तुरटीचा खडा गालास लावू देऊ नये. खेड्यातील कारागिरास पात्याचे चार पैसे अधिक देण्यात संकोच नसावा. आपल्या मुलांस पहिला वस्तरा हाती देताना घरच्या वडीलधाऱ्यांनी एवढे सांगितले, तरी पुष्कळ झाले.