गालिच्याचा सांधा

गालिचा ही वस्तू आपल्या मावळाच्या मातीतली नव्हे. येथे जमीन शेणाने सारवावी, पुढे ऐपत आली की शहाबादी फरशी घालावी, पाहुण्याला घोंगडी द्यावी आणि लग्नकार्यात जाजमे व सतरंज्या पसराव्यात, अशीच रीत होती. ही सारी अंथरुणे उचलण्याजोगी. काम झाले की झटकली, उन्हात टाकली, घडी करून माळ्यावर ठेवली. भिंतीपासून भिंतीपर्यंत जमिनीला चिकटवलेल्या गालिच्याचे तसे नाही. तो एकदा बसला की जमिनीचाच होऊन जातो, आणि जमिनीचे दोषही आपल्या अंगावर घेतो.

सोमाटण्याच्या परिसरातील ज्या छोट्या प्रार्थनालयाची सेवा आमच्याकडे आहे, तेथे वेदीभोवतालच्या जागेत असा गालिचा बसवण्यात आला. गडद तांबडा, मऊ लवीचा. देणगी एका विधवा भगिनीची. त्यांचे पती कारखान्यात नोकरीला होते. त्यांच्या पश्चात हाती आलेल्या रकमेतून त्यांनी हा खर्च उचलला. सारा धर्मग्राम त्यांना मावशी म्हणतो, तेव्हा आम्हीही येथे तेच म्हणू. पंधरा ऑगस्टला पवित्र मरियेच्या स्वर्गोन्नयनाचा सण, त्याआधी काम व्हावे अशी त्यांची इच्छा होती. लादीखालचे काँक्रीट वैशाखात ओतले गेले होते आणि ते पूर्ण सुकल्याचे बांधकाम करणाऱ्याने सांगितले होते. जुलैच्या अखेरीस गालिचा बसला.

ज्यांनी मावळातला जुलै पाहिला आहे त्यांना पुढचे सांगणे नको. चौराईचा डोंगर दिवसचे दिवस ढगांत असतो, पवना दुथडी भरून वाहते, खाचरांतून इंद्रायणी भाताची लावणी चालू असते आणि घरात कपाटातल्या पुस्तकांना बुरशी येते. आमच्या मिस्साग्रंथाच्या चामडी वेष्टनाला दर श्रावणात पांढरी लव फुटते. सण पार पडला आणि पुढच्याच आठवड्यात तक्रारी सुरू झाल्या. गालिच्याचे केस गळतात. मध्येच काळसर डाग दिसतात. खिडकीच्या बाजूने फुगवटे आले असून कुबट वास येतो. आणि पुढच्या बाजूचा सांधा शेवटच्या बाकावरूनही दिसतो.

धर्मग्राम परिषदेची बैठक वादळी झाली. एका सभासदांनी स्पष्टच सांगितले, ‘‘फादर, पावतीवर सही करू नका. सही दिली की गेलं सगळं हातातून.’’ यात एक पेच होता. काम समाधानकारक झाल्याची आमची सही मिळेपर्यंत दुकानदार बसवणाऱ्या कारागिराची मजुरी देत नव्हता. कारागीर मिर्झापूरकडचा तरुण. भदोही-मिर्झापूर हा हातविणीच्या गालिच्यांचा मुलूख. तेथील गालिच्यांना २०१० साली भौगोलिक मानांकन मिळाले आहे. त्या मुलखातला मुलगा येथे यंत्रावर झालेले गालिचे चिकटवत फिरतो, हाही काळाचा एक महिमा. तीन आठवडे झाले, तो दर शनिवारी येऊन दाराशी उभा राहत असे. काही मागत नसे.

मजुराची मजुरी सकाळपर्यंत आपल्यापाशी ठेवू नये, असे लेवीयच्या पुस्तकात सांगितले आहे. त्या आज्ञेत काम निर्दोष असावे अशी अट आम्हांला तरी आढळली नाही. परंतु मावशींचा पैसाही घामाचाच होता, आणि त्यावर पाणी सोडण्याचा अधिकार आम्हांला नव्हता. ‘‘आमच्या ह्यांच्या नावानं दिलेली वस्तू ही, फादर, लोक नाक धरून जातात,’’ असे त्या म्हणाल्या तेव्हा परिषदेतील कोणाला उत्तर सुचले नाही. म्हणून आधी प्रत्येक दोषाचे मूळ शोधावे, कोणाचे किती ते ठरवावे आणि मग सहीचा विचार करावा, असे आम्ही सुचवले.

केस गळणे हा दोषच नव्हे. कापलेल्या लवीच्या नव्या गालिच्यात आखूड तंतू सुटे राहिलेले असतात, ते पहिले काही महिने निघतात आणि मग आपोआप थांबतात. एखादा लांब धागा वर आला तर तो ओढू मात्र नये, कात्रीने लवीच्या उंचीला कापावा. ओढणाऱ्याच्या हाती पुष्कळदा ओळच्या ओळ येते. काळसर डागांचेही तसेच. लव एका बाजूला कलली की प्रकाश वेगळा परततो आणि तेवढा भाग ओला झाल्यासारखा दिसतो. हाताने उलट फिरवून पाहावे. रंग पालटला तर तो डाग नसून छाया आहे. कधी कधी ही छाया कायमचीच राहते, आणि ती का पडते याचा पक्का उलगडा कारखानदारांनाही झालेला नाही. मखमल नेसणाऱ्या आपल्या आजींना ही गोष्ट ठाऊक होती, तिला त्या मखमलीची गंमत म्हणत.

फुगवट्यांचा प्रश्न गंभीर होता. त्यासाठी एक सोपी परीक्षा आहे आणि घरी फरशीवर काहीही चिकटवण्यापूर्वी वाचकांनी ती अवश्य करावी. दीड फूट औरसचौरस जाड प्लॅस्टिकचा कागद उघड्या काँक्रीटवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद कराव्यात आणि रात्रभर, किमान सोळा तास, तसाच राहू द्यावा. सकाळी आतल्या बाजूने थेंब धरले किंवा खालचे काँक्रीट काळपटले, तर जमीन अजून ओली आहे. काँक्रीटच्या दर इंच जाडीला सुमारे एक महिना सुकण्यास द्यावा असा ढोबळ नियम आहे, तोही कोरड्या हवेत. मावळातल्या आषाढाचा हिशेब त्यात नाही. आम्ही खिडकीकडचा गालिचा उचलून ही परीक्षा घेतली. सकाळी प्लॅस्टिकखाली चक्क पाणी होते. त्या ओलीने चिकटद्रव्य सुटले, गालिचा वर आला आणि कोंडलेल्या दमटपणाला वास आला. यात त्या तरुणाच्या हाताचा काहीच दोष नव्हता.

सांध्याचे मात्र तसे नव्हते. वेदीभोवतालची जागा सोळा फूट औरसचौरस. गालिच्याच्या गुंडाळीची रुंदी बारा फूट. म्हणजे चार फुटांची पट्टी जोडणे आलेच. ती एकसंध आणि त्याच दिशेची हवी तर आणखी सोळा फूट गालिचा कापावा लागतो व त्यातील बराच वाया जातो. दुकानदाराने आठ फुटांतच भागवले: चार-चार फुटांचे दोन आडवे तुकडे काढून ते वळवून बसवले. बत्तीस फुटांचे काम चोवीस फुटांत झाले. परंतु गालिच्याला दिशा असते. एका भागाची लव लोकांकडे आणि शेजारच्या भागाची भिंतीकडे झुकली, की एकाच गुंडाळीतला रंग दोन रंगांसारखा दिसतो. सांधा शिवणीमुळे दिसत नव्हता, दिशा चुकल्यामुळे दिसत होता. कारागिराला आम्ही विचारले. दुकानातूनच तसे कापून दिले होते, बोललो असतो तर पुढचे काम गेले असते, असे त्याने मान खाली घालून सांगितले.

या धंद्यातले लोक म्हणतात, गालिच्याची पाहणी उभ्याने, दिवसाच्या उजेडात करावी. गुडघे टेकून शोधल्यास दोष कुठेही सापडतील. रास्त आहे. आम्हां धर्मगुरूंना मात्र शुभ शुक्रवारी वेदीपुढे पालथे पडावे लागते, त्यामुळे जमिनीशी आमचा परिचय जरा अधिक जवळचा. असो.

मुळात सांधा असणे हे काही पाप नव्हे. बिनसांध्याच्या गालिच्याची थोरवी मोठी खरी. इंग्लंडच्या विंझर राजवाड्यातील वॉटर्लू दालनात व्हिक्टोरिया राणीसाठी विणलेला एक प्रचंड एकसंध गालिचा आहे. तो आग्र्याच्या तुरुंगातील कैद्यांनी विणला. १९९२ साली राजवाड्याला आग लागली तेव्हा तो गुंडाळून हलवायला पन्नास सैनिक लागले म्हणतात. त्या कैद्यांची नावे कोणी लिहून ठेवलेली आमच्या वाचनात नाहीत. पण निर्गमाच्या पुस्तकात निवासमंडपाच्या पडद्यांचे जे वर्णन आहे, त्यात दोन पडदे पन्नास बिरड्यांनी आणि सोन्याच्या पन्नास आकड्यांनी जोडावेत आणि मंडप एक व्हावा, असेच सांगितले आहे. तेथे जोड लपवलेला नाही. जाणूनबुजून एक चूक ठेवणाऱ्या इराणी विणकरांची कथाही अनेकदा प्रवचनांतून ऐकू येते. ती विणकरांपेक्षा विक्रेत्यांच्या तोंडी अधिक शोभते असे आमचे मत आहे.

परिषदेने शेवटी असे ठरवले. कारागिराची मजुरी धर्मग्रामाने त्याच शनिवारी हातावर ठेवावी आणि ती रक्कम दुकानदाराच्या राहिलेल्या बिलातून वळती करावी. दुकानदाराला छायाचित्रे व मोजमापांसह लेखी पत्र द्यावे. पावतीवर सही करायचीच तर खाली दोषांची नोंद करून करावी. घरी असा प्रसंग आल्यास हाच मार्ग वाचकांनी धरावा. बिल, गुंडाळीवरील चिठ्ठी आणि कापलेले तुकडे टाकून देऊ नयेत. पत्राने भागले नाही तर २०१९ चा ग्राहक संरक्षण कायदा आहे. तक्रार दोन वर्षांच्या आत जिल्हा आयोगाकडे करावी लागते, आणि सल्ल्यासाठी १९१५ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

आम्हांला आयोगापर्यंत जावे लागले नाही. दुकानदाराने कुरकुर करीत सोळा फुटांची नवी पट्टी दिली, पण मूळ रंगाची खेप संपली होती. नवी पट्टी किंचित काळी निघाली. पुन्हा बैठक, पुन्हा आवाज चढले. तेव्हा मावशीच म्हणाल्या, ‘‘एवढं काय, ती पट्टी मागं घाला की. पुढं चांगलं दिसलं म्हणजे झालं. आणि काम त्याच पोराला द्या.’’

नाहीतरी जमीन सुकवण्यासाठी सारा गालिचा उचलायचा होताच. दिवाळीपर्यंत वेदी उघड्या लादीवर उभी राहिली, आणि खरे सांगायचे तर तशी ती आम्हांला अधिक आवडली. पण हे मावशींना सांगण्याचे धैर्य झाले नाही. नोव्हेंबरात प्लॅस्टिकची परीक्षा तीन ठिकाणी घेतली, तिन्ही कोरडी निघाली. तो तरुण आला, दोन दिवस बसून त्याने जुने चिकटद्रव्य खरवडून काढले, मोठा भाग चार फूट पुढे घेतला आणि काळी पट्टी वेदीमागे, भिंतीलगत बसवली. लव सगळीकडे लोकांच्या दिशेने झुकलेली आहे. सांधा आता फक्त मिस्सा अर्पण करणाऱ्याच्या पाठीशी येतो.

काढलेल्या दोन तुकड्यांपैकी मोठा मावशी मागून घेऊन गेल्या. तो त्यांच्या ओसरीत, पतीच्या तसबिरीखाली अंथरलेला आहे. लहान तुकडा बिलासह साक्रिस्टीच्या कपाटात ठेवला आहे. मेणबत्तीचे मेण सांडून किंवा धूपदानीतला निखारा पडून भोक पडलेच, तर ठिगळाला उपयोगी यावा.