मुरबाडची घरघर, शहापूरचा इलाज

वीकेण्डला शहापूर म्हटलं की डोक्यात काय येतं? माहुली किल्ला, पावसाळी ट्रेक आणि गरमागरम भजी! मी मात्र सॅकऐवजी एक वजनदार अ‍ॅम्प्लिफायर उचलून आसनगाव स्टेशनात उतरले.

अ‍ॅम्प मुरबाडच्या मामाचा. पूर्वी त्याचा मंडप-स्पीकरचा धंदा होता. लग्नं, पूजा आणि पौष पौर्णिमेची म्हसा यात्रा. गर्दीत हरवलेल्या पोरांची नावं याच डब्यातून पुकारली जायची. हल्ली मात्र आवाज कमी आणि ‘घूंऽऽ’ जास्त. मुंबईतल्या एका दुकानात तर झाकणही न उघडता सांगितलं, ‘पार्ट मिळत नाहीत, भंगारात द्या.’ हे फोनवर सांगितल्यावर मामा गप्पच झाला. मग म्हणाला, ‘शहापुरात माझा जुना मेकॅनिक आहे. त्याला दाखव.’

बाजारातलं छोटंसं दुकान. मिक्सर आणि टेबलफॅनच्या गराड्यात बसलेल्या काकांनी अ‍ॅम्प लावला, दोन सेकंद ऐकला आणि बंद केला. ‘पॉवर सप्लाय आहे, ताई.’

भिंतीतला एसी करंट ट्रान्सफॉर्मर कमी करतो, चार डायोड त्याचा डीसी करतात आणि मोठा कॅपॅसिटर त्यातले चढउतार सपाट करतो. वर्षानुवर्षं तापून कॅपॅसिटर आतून सुकला की तेच चढउतार स्पीकरमधून घुमायला लागतात. आमच्या कॅपॅसिटरचं डोकं चक्क फुगलं होतं!

प्लग काढलेला, तरी काकांनी आधी रेझिस्टर लावून साठलेला करंट उतरवला. (घरी हात घालू नका, झटका जबरदस्त बसतो!) कॅपॅसिटरवर ४७०० मायक्रोफॅरड एवढंच दिसत होतं, व्होल्टचा आकडा पुसलेला. आता? काकांनी ट्रान्सफॉर्मरवर मीटर लावला. ‘३५ एसी. गुणिले १.४ म्हणजे जवळजवळ ५० डीसी. ५० व्होल्टचा लावला तर काठावर. रात्री गावात व्होल्टेज चढलं की उडेल. ६३ चा लावू.’

तो ड्रॉवरमध्येच होता. ‘हा कुठून आणता?’ मी विचारलं.

‘मुंबईहून. लॅमिंग्टन रोड!’

घ्या!

पट्टीची बाजू मायनसला, डाग पक्के. मग थेट प्लग नाही, मध्ये एक साधा बल्ब. बल्ब भकभकून पेटत राहिला तर आत शॉर्ट. आमचा क्षणभर चमकला आणि मंद झाला. बिल? मल्टिप्लेक्समधल्या एका पॉपकॉर्नएवढं.

संध्याकाळी किन्हवली, सरळगाव करत मुरबाड गाठलं. मामाने माईक हातात घेतला, घसा खाकरला. ‘हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग...’ घूं नाही, घरघर नाही. मामीने आतून ओरडून सांगितलं, ‘हळू, शेजारी झोपलेत!’

मामाने आवाज आणखी वाढवला.

कसे जाल?
सीएसएमटीहून कसारा किंवा आसनगाव लोकलने आसनगाव, तिथून रिक्षाने शहापूर. मुरबाडला रेल्वे नाही. कल्याणहून एसटी, अंतर साधारण ३० किमी.