पाताळेश्वराच्याही पाताळात

जंगली महाराज रस्त्यावरच्या पाताळेश्वर लेण्यात शिरले, की नजर कारागिरीवर खिळते. पण तो काळा पाषाणही बोलका आहे, बरे का! तो बेसाल्ट, म्हणजे सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी थिजलेला लाव्हा. पर्वतीही त्याचीच. आपल्या ओट्यावरचा ग्रॅनाइट मात्र परगावचा पाहुणा. मग आपल्या मुलखात ग्रॅनाइट नाहीच काय? आहे, पण या काळ्या थरांच्या खूप खाली.

११ डिसेंबर १९६७ रोजी कोयनेच्या भूकंपाने पुण्यापर्यंत धरणी हलवली. तिथल्या भूकंपांचे मूळ शोधण्यासाठी पुढे कोयना परिसरात ३ किलोमीटर खोल बोअर घेतली गेली. सुमारे सव्वा किलोमीटरवर बेसाल्ट संपला आणि ग्रॅनाइटी खडक लागला!

त्याची कुंडली रसायनशास्त्राने मांडली. अशा खडकातल्या झिरकॉनच्या कणांत युरेनियमचे सावकाश शिसे होत असते; दोहोंचे प्रमाण मोजले, की वय निघते. ते भरले सुमारे २७० कोटी वर्षे! ग्रॅनाइटचे कुळ सांगते स्ट्रॉन्शियम: त्याच्या दोन प्रकारांच्या प्रमाणावरून, खडक जुनेच भूकवच वितळून झाला की आणखी खालून नवा रस वर आला, याचा माग लागतो.

कोयनेचे बहुतेक धक्के उगम पावतात ते याच वृद्ध खडकात. म्हणूनच त्याची ओळख करून घेणे हा नुसता विद्वानांचा छंद नव्हे. त्यात आपल्या घरादाराची काळजी आहे.