पांढऱ्या सांडणीचा चित्रपट महोत्सव

अल्जीरियाच्या नैर्ऋत्य टोकाला तिंदूफ नावाचे गाव आहे. गावात विमानतळ आहे, लष्कराचे मोठे ठाणे आहे आणि त्यापुढे सुरू होतो तो हमादा. सहारा म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सोनेरी वाळूच्या टेकड्या उभ्या राहतात. हमादाचे रूप अगदी वेगळे आहे. नजर पोहोचेल तिथपर्यंत दगडगोट्यांनी भरलेला सपाट माळ, क्वचित एखादे खुरटे बाभळीचे झाड. उन्हाळ्यात पारा ५० अंशांच्या आसपास जातो, तर हिवाळ्यातल्या रात्री अंगावरच्या दोन घोंगड्याही कमी पडतात. 'इरिफी' नावाचा वारा सुटला की आकाश आणि जमीन एकाच रंगाची होऊन जातात. वाटसरूसुद्धा जिथे थांबायला तयार होणार नाही, अशा या जागी २००३ सालापासून एक आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव भरत आला आहे. त्याचे नाव फिसहारा.

या महोत्सवाला तिकीट नाही आणि चित्रपटगृहही नाही. लाल गालिचाच्या जागी वाळू आहे. आणि सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा पुरस्कार आहे पांढरी सांडणी! 'सांडणीस्वार' हा शब्द आपण शिवकाळावरच्या कादंबऱ्यांत वाचलेला असतो. इथे सांडणी म्हणजे घरची लक्ष्मी. दूध देणारी, भार वाहणारी, मुलीच्या लग्नात मानाने देण्याजोगी. तेव्हा परदेशी दिग्दर्शकाचा याहून मोठा सन्मान इथल्या लोकांना कसा सुचावा? विजेत्याला ती विमानातून नेता येत नाही, हे उघडच आहे. सांडणी छावणीतच राहते.

ढगांची लेकरे

हा महोत्सव समजून घ्यायचा तर त्याच्या यजमानांची ओळख आधी करून घ्यायला हवी. हे लोक सहारावी. आफ्रिकेच्या अटलांटिक किनाऱ्यावर, मोरोक्कोच्या दक्षिणेला पश्चिम सहारा नावाचा प्रदेश आहे, तो यांचा मुलूख. उंट-शेळ्यांचे कळप घेऊन, पाऊस पडेल तिकडे जाणारी ही माणसे स्वतःला 'ढगांची लेकरे' म्हणवून घेत. १८८४ पासून इथे स्पेनचे राज्य होते. १९७५ च्या नोव्हेंबरात स्पेनने हा प्रदेश मोरोक्को आणि मॉरिटानिया यांच्या हवाली करण्याचा करार केला. ज्यांचा मुलूख, त्यांना कोणी विचारले नाही. १९७३ साली स्थापन झालेल्या पोलिसारिओ या संघटनेने लढा पुकारला आणि २७ फेब्रुवारी १९७६ रोजी सहारावी प्रजासत्ताकाची घोषणा केली. बॉम्बवर्षावातून जीव वाचवत हजारो बायका, मुले आणि म्हातारी माणसे सीमा ओलांडून अल्जीरियात आली. 'थोड्या दिवसांचा प्रश्न आहे' असे म्हणत त्यांनी हमादावर तंबू ठोकले. त्याला आता पन्नास वर्षे होत आली.

मॉरिटानियाने १९७९ मध्ये अंग काढून घेतले. मोरोक्को मात्र हा प्रदेश आपलाच अविभाज्य भाग मानतो. त्याने वाळवंटात सुमारे २,७०० किलोमीटर लांबीचा मातीचा बांध घालून तो दुभंगला. बांधाच्या कडेने भूसुरुंग पेरलेले आहेत. १९९१ साली संयुक्त राष्ट्रांच्या मध्यस्थीने युद्धबंदी झाली आणि सार्वमत घेण्याचे ठरले. ते आजतागायत झालेले नाही. भारतानेही १९८५ साली या प्रजासत्ताकाला मान्यता दिली होती आणि २००० साली ती काढून घेतली.

हरवलेल्या गावांची नावे

तिंदूफच्या परिसरात आज पाच छावण्या आहेत आणि संयुक्त राष्ट्रांच्या अंदाजाप्रमाणे त्यांत सुमारे पावणेदोन लाख माणसे राहतात. छावण्यांची नावे ऐकली की मन थबकते. अल आयून, स्मारा, औसर्द, बुजदूर, दाख्ला. ही सारी नावे बांधापलीकडे राहिलेल्या गावांची आहेत. आपल्याकडे फाळणीनंतर सिंधी बांधवांनी आपल्या दुकानांना कराचीचे नाव दिले, तशातलाच हा प्रकार. फरक एवढाच की इथे दुकानाला नाही, सगळ्या वस्तीलाच हरवलेल्या गावाचे नाव आहे.

खरे दाख्ला शहर समुद्रात शिरलेल्या एका चिंचोळ्या भूभागावर वसले आहे. तिथली मासळी प्रसिद्ध आहे. छावणीतल्या दाख्लापासून समुद्र कित्येक दिवसांच्या वाटेवर आहे. पाचही छावण्यांत तीच सर्वांत एकाकी, तिंदूफपासून शंभराहून अधिक किलोमीटर दूर. महोत्सव अनेक वर्षे भरला तो नेमका याच दाख्लात. जिथे कोणी जात नाही तिथेच पाहुणे न्यायचे, असा त्यामागचा विचार. पेरूचे दिग्दर्शक हाविएर कोरक्वेरा यांनी या उपक्रमाचा पाया घातला. स्पेनमधले चित्रपट व्यावसायिक, सहारावींच्या मदतीसाठी काम करणारी मंडळे आणि पोलिसारिओचा सांस्कृतिक विभाग, असे सगळे मिळून तो चालवतात. अलीकडे तो औसर्दच्या छावणीत भरू लागला.

घर हेच हॉटेल

छावणीत हॉटेल नाही. त्यामुळे माद्रिदहून आलेला नामवंत नट असो की कॅमेरा गळ्यात अडकवलेला विद्यार्थी, मुक्काम कोणत्या तरी कुटुंबातच. घर म्हणजे 'खैमा', म्हणजे मोठा तंबू, आणि त्याला लागून कच्च्या विटांच्या एक-दोन खोल्या. जमिनीवर गालिचे आणि भिंतीला टेकून उशा. रात्री पाहुणे आणि घरची मुले एका ओळीत झोपतात.

घरची सत्ता बाईच्या हाती. पुरुष आघाडीवर गेले तेव्हा या छावण्या बायकांनी उभ्या केल्या. तंबू शिवले, विटा पाडल्या, शाळा आणि दवाखाने चालवले, शिध्याचे वाटप केले. त्यांचा पोशाख 'मेल्हफा'. सुमारे चार मीटरचे सलग कापड, त्याला ना शिवण ना बटण; अंगाभोवती लपेटून पदर डोक्यावरून घ्यायचा. आपल्या साडीची ही दूरची मावसबहीणच म्हणायची! हमादाच्या त्या करड्या माळावर निळे, केशरी, गुलाबी मेल्हफे फुलांसारखे दिसतात.

पाहुणा आला की चहा. निखाऱ्यावर छोटी किटली चढते आणि एका पेल्यातून दुसऱ्या पेल्यात उंचावरून धार धरत फेस आणला जातो. चहा तीन वेळा घ्यायचा. पहिला आयुष्यासारखा कडू, दुसरा प्रेमासारखा गोड, तिसरा मृत्यूसारखा सौम्य, असे सांगितले जाते. तिसरा घेतल्याशिवाय उठणे म्हणजे यजमानाचा अपमान. ज्यांच्या घरात पीठ, डाळ, तांदूळ, तेल, साखर हे सगळे जागतिक मदतीच्या शिध्यातून येते, पाणीसुद्धा टँकरने येऊन पत्र्याच्या टाकीत साठते, त्यांच्याकडचा हा पाहुणचार आहे!

ट्रकच्या पाठीवर पडदा

दिवसभर तंबूंतून कार्यशाळा आणि चर्चा चालतात. मुलांसाठी विदूषकांचे खेळ होतात, उंटांच्या शर्यती लागतात. खरी गंमत मात्र सूर्य मावळल्यावर. एक लांबलचक मालट्रक येऊन उभा राहतो. त्याच्या बाजूला भला मोठा पडदा. समोर वाळूवर चटया आणि गोधड्या पसरून घरेच्या घरे येऊन बसतात. आपल्याकडच्या जत्रेतला तंबू सिनेमा ज्यांनी पाहिला आहे, त्यांना हे दृश्य परके वाटणार नाही. ट्रकमधून आलेले यंत्र, त्याच्याभोवती पोरांचा गराडा, चित्र सुरू झाले की उठणारा गलका, सारे तेच. वर छप्पर नसल्यामुळे पडद्याच्या कडेला तारे सुरू होतात, एवढेच वेगळे.

प्रवेश फुकट आहे, कारण दुसरा काही मार्गच नाही. जिथे रोजगार बेताचा आणि पैसा दुर्मीळ, तिथे तिकीट लावणे म्हणजे अर्ध्या वस्तीला बाहेर ठेवणे. इथे खर्च पाहुण्यांनी सोसायचा, विमानाचा आणि प्रवासाचा. यजमानांनी फक्त यायचे आणि पाहायचे. मोठ्या शहरांतल्या महोत्सवात नेमके उलटे असते. तिथे पाहुण्यांचा खर्च निघावा म्हणून प्रेक्षकांकडून पैसे घेतात.

पाहायला काय मिळते? स्पेनमधले चित्रपट बरेच. स्पॅनिश ही इथल्या शाळांतून शिकवली जाते. शिवाय हजारो सहारावी मुले उन्हाळ्याच्या सुट्टीत स्पेनमधल्या कुटुंबांत राहून आलेली असतात. कित्येकांनी समुद्र पहिल्यांदा पाहिला तो तेव्हाच. याखेरीज इतर देशांतले माहितीपट, मुलांचे कार्टूनपट आणि विनोदी चित्रपट. निर्वासितांना केवळ निर्वासितांच्याच कहाण्या दाखवाव्यात असे थोडेच आहे! पोट धरून हसण्याचा हक्क त्यांनाही आहे.

तरीही स्वतःची गोष्ट पडद्यावर आली की गर्दी वेगळ्याच तऱ्हेने शांत होते. पेद्रो पेरेझ रोसादो यांचा 'विलाया' (२०१२) हा चित्रपट याच छावण्यांत चित्रित झाला. स्पेनमध्ये वाढलेली एक मुलगी आईच्या मृत्यूनंतर छावणीत परतते आणि ना तिकडची ना इकडची अशी तिची अवस्था होते. प्रत्येक घरात असे एखादे लेकरू असलेल्या वस्तीला त्याचा अर्थ समजावून सांगावा लागत नाही. ऑस्कर विजेता नट हाविएर बार्डेम २००८ साली या महोत्सवाला आला होता. इथे जे पाहिले ते त्याला स्वस्थ बसू देईना. त्याच्या पुढाकाराने झालेल्या 'ढगांची लेकरे' या माहितीपटाला २०१३ साली स्पेनचा मानाचा गोया पुरस्कार मिळाला.

कॅमेरा आपल्या हाती

दुसऱ्यांनी आपल्यावर चित्रपट काढायचे आणि आपण ते पाहायचे, हे किती दिवस चालणार? हा प्रश्न महोत्सवात लवकरच उभा राहिला. त्यातूनच छावणीत अबिदीन काईद सालेह यांच्या नावाची दृकश्राव्य कलांची शाळा निघाली. तिथे मुले-मुली कॅमेरा, ध्वनी, संकलन शिकतात. महोत्सवात त्यांचे लघुपट परदेशी चित्रपटांच्या शेजारी दाखवले जातात. विषय जवळचेच: आजीच्या आठवणी, भूसुरुंगात पाय गमावलेला शेजारी, पाण्याचा टँकर, मुलीचे शिक्षण.

हे काम किती निकडीचे आहे ते ऑक्टोबर २०१५ मध्ये कळून आले. हमादावर दिवसचे दिवस पाऊस कोसळला आणि कच्च्या विटांची हजारो घरे विरघळून गेली. दाख्लाचे हाल सर्वांत वाईट. ज्यांच्या नावातच ढग आहेत, त्यांना ढगांनीच बेघर केले! अशा वेळी घरातला फोटो, आजोबांनी जपलेला कागद, सगळे चिखलात जाते. ज्या समाजाला आपला मुलूख नाही, त्याची आठवण साठवायला चित्रफितीशिवाय जागा कुठली?

पाहुणे निघून गेल्यावर

इतके सगळे असले तरी एक बोचणी उरतेच. आठवडाभराने पाहुणे निघून जातात. ट्रक पडदा गुंडाळून परततो. यजमानाला मात्र कुठे जाता येत नाही. चित्रपट दाखवून कोणाला घर परत मिळते का?

मिळत नाही, हे सहारावींना कोणी सांगायला नको. २०११ च्या ऑक्टोबरात रबूनी इथून तिघा परदेशी मदत कार्यकर्त्यांचे अपहरण झाले. ते सुटले जुलै २०१२ मध्ये. मधल्या काळात महोत्सव बंद ठेवणे सोपे होते. तरी त्या मे महिन्यात तो भरला, कारण पाहुणे यायचे थांबले तर जग आपल्याला पूर्णच विसरेल, ही धास्ती अपहरणाच्या भीतीहून मोठी होती. नोव्हेंबर २०२० मध्ये युद्धबंदी मोडली आणि छावणीत जन्मलेली तरुण पोरे आघाडीकडे निघाली. मार्च २०२२ मध्ये स्पेनच्या सरकारने मोरोक्कोच्या स्वायत्ततेच्या योजनेला पाठिंबा जाहीर केला. त्याच वर्षी ऑक्टोबरात स्पेनचे कलावंत औसर्दला आले आणि जुन्या यजमानांच्या खैम्यात चहाला बसले. सरकारने पाठ फिरवली तरी माणसे येतात, हे पाहण्याचे समाधान त्या घरांना किती मोठे वाटले असेल!

कोणाला तिकडे जायची ओढ वाटलीच, तर अल्जीरियाचा व्हिसा आणि आयोजकांचे निमंत्रण, दोन्ही लागते. एकट्याने भटकण्याची ही जागा नव्हे; प्रवास तांड्यानेच होतो. बरोबर टोपी, बॅटरी, झोपायची पिशवी आणि आपली औषधे न्यावीत. पाणी जपून वापरावे. कोणाचे छायाचित्र घेण्याआधी विचारावे. आणि चहाच्या तिन्ही पेल्यांना पुरेल एवढा वेळ हाताशी ठेवावा. छावणीत जन्मलेली मुलगी मेल्हफ्याचा पदर सावरत विचारते, 'तुमच्या गावी समुद्र आहे?' मुंबईचा किंवा रत्नागिरीचा माणूस 'आहे' म्हणाला, तर मग तो कसा दिसतो, त्याचा आवाज कसा येतो, पाणी खरेच खारट असते का, हे सगळे तिला सविस्तर सांगावे लागते. तिचेही दाख्ला समुद्राकाठीच आहे ना!