डिझेल जाते कुठे?

चारचाकी दारात आली की घरात खाणारे एक तोंड वाढते, आणि ते तोंड डिझेलनेच भरावे लागते. आमची पिकअप सेकंडहँड. २०१८ साली बँकेचे कर्ज काढून घेतलेली, जुन्या पद्धतीच्या पंपाची. माझे धाकटे दीर ती चालवतात. पहाटे मालवण बंदरावर मासळीच्या पेट्या भरायच्या, चौके-धामापूरमार्गे कुडाळला पोचवायच्या आणि परतीला मिळेल ते भाडे घ्यायचे. कधी सिमेंट, कधी चिरे. आमचे हे सकाळीच नोकरीवर जातात, म्हणून गाडीची वही माझ्याकडे. मी दहावी शिकलेली आहे. टाकी काठोकाठ भरायची, आकडा लिहायचा, पुन्हा काठोकाठ भरली की किलोमीटरला लिटरने भागायचे. एवढेच शास्त्र.

२०२३ च्या उन्हाळ्यात वहीने वाईट बातमी दिली. लिटरला १३ किलोमीटर जाणारी गाडी साडेअकरावर आली होती. महिन्याला आमची धाव २,३०० किलोमीटरच्या आसपास. पूर्वी त्याला १७७ लिटर लागत, आता २०० लागू लागले. म्हणजे २३ लिटर, दोन हजार रुपयांहून अधिक, दर महिन्याला नाहीसे होत होते. बँकेचा हप्ता तर थांबत नाही.

घरात पैसा कमी पडला की आधी माणसाकडे बोट जाते, यंत्राकडे नंतर. सासूबाई एका रात्री जेवताना म्हणाल्या, "गाडी डिझेल पिता की तुझो दीर?" गावातल्या एकदोघांनीही ह्यांच्या कानाला लागून सांगितले की ड्रायव्हर लोक वाटेत डिझेल काढून विकतात. ह्यांनी भावजींना सरळ विचारले. भावजींनी ताट सारले आणि माझ्यासमोर किल्ली ठेवली. "वयनी, चावी घेवा. माका गाडी नको." त्यांची बायको आत रडत होती. मी किल्ली घेतली नाही. मला वहीतली एक गोष्ट खटकत होती. चोरी करणारा कधी पाच लिटर काढील, कधी दोन. इथे घट दर भरणीला जवळजवळ सारखी होती. माणसाची चोरी इतकी नेमाची नसते.

रात्री गाडीखाली पुठ्ठे पसरले. सकाळी पुठ्ठे कोरडे! सासूबाईंना वाटले, झाला निकाल. पण बंद गाडी आणि चालू गाडी यात फरक आहे. टाकी खाली असते, इंजिन वर. गाडी बंद असली की नळ्यांत दाब नसतो, मग गळायचे कशाला? दुसऱ्या दिवशी भावजींनी इंजिन चालू ठेवले आणि आम्ही तेच पुठ्ठे खाली सरकवले. पंधरा मिनिटांत रुपयाएवढा डाग पडला.

एवढे दिवस तो दिसला कसा नाही, असे कोणी विचारील. मासळीच्या गाडीचे बूड कधी कोरडे असते का? पेट्यांतला बर्फ वितळून खारे पाणी सारखे ठिबकत असते, आणि वासाचे म्हणाल तर बांगड्यापुढे डिझेलची काय मात्रा! तरी पाणी आणि डिझेल ओळखायला सोपे आहे. पाणी सुकून जाते. डिझेल पेट्रोलसारखे लवकर उडत नाही. तिथेच बसते, त्यावर धूळ चिकटते आणि काळा चिकट थर होतो.

मासेमारी बंदीच्या दिवसांत ट्रॉलरची इंजिने दुरुस्त करणारे मेकॅनिक मोकळे असतात. जूनमध्ये तसे एकजण घरी आले. म्हणाले, "होडयेत डिझेल कमी झाला तर माणूस दर्यात रवता." म्हणून त्यांना गळतीचा राग फार. त्यांनी पाना हातात घेण्याआधी इंजिन धुऊन पुसून कोरडे करायला लावले. मग माझ्याकडून चेहऱ्याची पावडर मागितली. (अर्धा डबा संपवला!) सांध्यांवर पावडर भुरभुरून इंजिन चालू केले. पांढऱ्यावर ओली रेघ लगेच उमटते. डाग पडला होता मागे, चासीजवळ. ओली रेघ निघाली पुढे, फिल्टरवर येणाऱ्या नळीच्या पोकळ बोल्टापाशी. डिझेल खाली उतरते आणि धावत्या गाडीत वाऱ्याने मागे जाते, म्हणून ओल दिसेल तिथून वर आणि पुढे शोधायचे.

त्या बोल्टाला दोन्ही बाजूंनी तांब्याचे वॉशर असतात. तांबे नरम असते, दाबले की बसते आणि फट बुजवते. एकदा दाबलेला वॉशर कडक होतो. फिल्टर बदलताना तोच पुन्हा घातला की फट राहते. मग लोक बोल्ट आणखी आवळतात आणि आटेच खराब करतात. आम्ही दोन्ही वॉशर नवे घातले. सामान इतके स्वस्त की सांगायला लाज वाटावी.

पण त्यांनी आणखी एक गोष्ट विचारली. सकाळी गाडी चटकन लागते का? लागत नव्हती. भावजी बॅटरीला दोष देत. टाकीपासून पंपापर्यंतची नळी डिझेल ओढून घेते. तिथे फट असली तर डिझेल बाहेर येत नाही, उलट बाहेरची हवा आत जाते, आणि रात्रभरात डिझेल टाकीकडे उतरून जाते. डाग नाही, वास नाही. मेकॅनिकनी पंपाआधी हातभर पारदर्शक नळी तात्पुरती जोडली. आत बुडबुडे पळताना आम्ही सगळ्यांनी पाहिले, सासूबाईंनीसुद्धा. चासीला नळी धरणाऱ्या पट्टीखाली खारे पाणी साचून लोखंडी नळी गंजली होती. रबरी नळीचे टोकही कडक होऊन चिरले होते. दोन्ही बदलले. रबरी नळी डिझेलचीच घ्यावी. पाण्याची नळी डिझेलमध्ये फुगते. शेवटी फिल्टरवरचा स्क्रू सैल करून, हातपंप मारून, बुडबुडे थांबेपर्यंत हवा काढली.

वाटेत टाकी गळली तर ड्रायव्हर लोक अंगाचा साबण घासून भोक बुजवतात. गॅरेज गाठेपर्यंत ते ठीक. मात्र डिझेलच्या टाकीला घरच्या घरी वेल्डिंग करू नये. रिकाम्या टाकीतली वाफही पेट घेते.

नव्या कॉमन रेल गाडीवाल्यांनी तर फार जपावे. साध्या मोटारीच्या टायरात दोन बारच्या आसपास दाब असतो. या इंजिनांच्या नळ्यांत तो दीड हजार बारच्याही वर जातो. गळती दिसेना म्हणून चालू इंजिनावर बोट फिरवाल, तर केसासारखी धार कातडीतून आत घुसते. वर सुईएवढी खूण, आत डिझेल पसरलेले. सुरुवातीला फारसे दुखतही नाही, आणि उशीर झाला तर बोट जाते. अशा वेळी तासभरही न थांबता थेट मोठे इस्पितळ गाठावे. जुन्या गाडीची दाबाची नळीही हाताने चाचपू नये. पुठ्ठा धरावा, हात दूर ठेवावा.

सांडलेले डिझेल आम्ही वाळू टाकून टिपले. आमच्याकडचा जांभा सच्छिद्र, आणि विहीर परसातच. रस्त्यावरचे डिझेल तर पहिल्या पावसात मोटारसायकलवाल्याला आडवे करते. तीन महिने आमची गाडी धामापूरच्या वळणांवर काय सांडत गेली असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

पुढच्या महिन्यात वहीत १२.८ आले. ह्यांनी तो आकडा भावजींना मोठ्याने वाचून दाखवला. सासूबाई काही बोलल्या नाहीत, पण त्या दिवशी भावजींच्या ताटात पहिली तळलेली तुकडी त्यांनी स्वतः वाढली. किल्ली खिळ्यावरच होती. भावजींनी ती उचलली आणि वहीही मागितली. आता डिझेलचा आकडा तेच लिहितात, मी फक्त भागाकार करते. नोजलवरच्या रिटर्न नळ्या राहिल्या होत्या, त्याही दिवाळीच्या आधी बदलून घेतल्या.