भाड्याचं मशीन, घरचा दोर

२१ मे २०२३, रविवार
बडा गणपती, इंदूर

कालच्या आंधीत परसातलं पत्र्याचं कुंपण आणखी वाकलं. पडलं नाही, पण गल्लीतून जाणाऱ्याला आता डोकं सांभाळून जावं लागतं. ह्यांचं म्हणणं, एवढा पावसाळा काढून घेऊ, दिवाळीनंतर बघू. शाळेत तीस-बत्तीस वर्षं फिजिक्स शिकवल्यामुळे मला असं मोघम बोलणं चालत नाही. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. वाऱ्याचा वेग सेकंदाला किती मीटर असा घ्यायचा, त्याचा वर्ग करायचा आणि ०.६ ने गुणायचं, की दर चौरस मीटरवरचा दाब न्यूटनमध्ये मिळतो. आपल्या मानक ब्यूरोच्या संहितेतलंच सूत्र आहे. ताशी ६० किलोमीटरच्या वाऱ्यात हा दाब चौरस मीटरला साधारण १७ किलो येतो, ८० च्या वाऱ्यात ३० किलो. आमचा एकेक गाळा आठ बाय सहा फुटांचा, म्हणजे साडेचार चौरस मीटर. ६० च्या वाऱ्यात त्याला पंच्याहत्तर किलोचा माणूस ढकलतो. ८० च्या वाऱ्यात तोच माणूस जवळजवळ दुप्पट वजनाचा होतो.

हे सगळं वाण्याच्या बिलामागे लिहून ह्यांच्या चहाच्या कपाखाली ठेवलं. "म्हणजे जाळीच ना?" एवढंच म्हणाले. जाळीतून वारा निघून जातो, पुढचा हिशेबच करावा लागत नाही.

२३ मे, मंगळवार

सियागंजात जाळीचा भाव काढला. खांबांना चाळीस बाय चाळीस बाय पाचचा अँगल घ्यायचा ठरला. तो मीटरला तीन किलो भरतो, नऊ फुटांचा एक नग सव्वाआठ किलोचा. सहा फूट वर, तीन फूट जमिनीत. दुकानदार म्हणाला, दोन फूट गाडला तरी पुष्कळ. त्याच्याकडे खडकाळ जमीन असेल. आमच्याकडे अडीच फूट काळी माती आहे आणि मुरूम त्याखाली. काळी माती उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते आणि पावसात फुगते. दोन फुटांवरचा खांब दरवर्षी थोडा वर उचलला जातो, थोडा कलतो. मुरमात पाय रोवल्याशिवाय तो खांब आपला नाही.

खड्डे खणायचं मशीन, म्हणजे ऑगर, बघायला किल्ला मैदानाकडे जाणाऱ्या रस्त्यावरच्या शटरिंगवाल्याकडे गेले. दुकान कसलं, रस्त्याकडेला मांडलेलं लोखंडाचं रानच. बल्ल्या, प्लेटा, चाली, सिमेंट कालवायचा मिक्सर, फरशी फोडायचा ब्रेकर, तीन मापांच्या घोडा-शिड्या. ऑगर कोपऱ्यात, गोणपाटाखाली. भाड्याच्या दोन तऱ्हा आहेत. "मशीन अकेली ले जाओ तो दिन के हिसाब से, आदमी के साथ लो तो गड्ढे के हिसाब से."

मी थोडा विचार केला. दिवसावर घेतलं तर खाली लागलेला दगड माझा. खड्ड्यावर घेतलं तर दगड त्याचा. खड्ड्यावर घेते म्हटलं. भिया हसला आणि वहीत लिहिता लिहिता म्हणाला, "पत्थर आया तो अलग, मैडम." तोही कुणाचा तरी विद्यार्थी असणार.

मिक्सरही गळ्यात घालत होता. इतक्या थोड्या खड्ड्यांना मिक्सर म्हणजे घमेलं धुवायला टँकर बोलावणं. नको म्हटलं. भाड्याची वस्तू जितकी मोठी, तितका तिला आणण्या-नेण्याचा टेम्पो मोठा, आणि टेम्पोचं भाडं वहीत वेगळ्या रकान्यात असतं.

२५ मे, गुरुवार

सूर्य आज रोहिणीत. इथे सगळ्यांच्या तोंडी नौतपा, पण यंदाचा मे महिना कुणाचंच ऐकत नाही. दर चार दिवसांनी ढग, वळीव, वीज गायब. समोरच्या भाभी म्हणतात, नौतपा तापला नाही तर पाऊस बिघडतो. असेल.

दोरी लावून चुन्याने खड्ड्यांच्या खुणा केल्या. कोपऱ्याचा काटकोन तीन-चार-पाचने काढला. प्रत्येक खुणेवर संध्याकाळी बादलीभर पाणी ओतून ठेवलं, कारण कोरडी काळी माती मशीनलाही दाद देत नाही.

२६ मे, शुक्रवार

ऑगर आला. दोन हातांच्या दांड्यामध्ये छोटं पेट्रोलचं इंजिन, खाली आठ इंचांची पिळाची पाती. टू-स्ट्रोक आहे, लिटरभर पेट्रोलला चाळीस मिली तेल. आलेल्या मुलाने ते तेल बाटलीच्या बुचाने मोजलं. मी औषधाचं माप आणून दिलं तर म्हणाला, बुच रोज तेच असतं.

पहिला फूटभर पाती सहज उतरली. ओली काळी माती पिळाला चिकटून वर येते आणि सुटत नाही. दर सात-आठ इंचांना मशीन वर उचलून पाती झटकावी लागते. न झटकता दाबत गेलं तर पाती मातीत अडकते आणि मग मशीनच माणसाला फिरवायला लागतं. हे त्याने मला न विचारता सांगितलं, मनगट दाखवून. तिथे जुना व्रण होता. अडीच फुटांवर आवाज बदलला, घुंऽऽ चं खरखर झालं, आणि पिवळट मुरूम वर आला. मुरूम हातात घेऊन बघितला तेव्हा बरं वाटलं.

विहिरीच्या बाजूच्या दोन खड्ड्यांत दगड लागला. पाती टणकन उडाली. त्याने इंजिन बंद केलं, मशीन भिंतीला टेकवलं आणि आमच्याच घरची पहार मागितली. सासऱ्यांची पहार, माडीच्या जिन्याखाली कायम आडवी पडलेली. पुढचा तासभर पेट्रोल जळलं नाही, पण खड्डा झाला. "पत्थर अलग" चे पैसे मी दिले, पहारीचं भाडं मात्र वजा केलं नाही. ह्यांनी केलं असतं.

खड्डा वर अरुंद आणि तळाशी थोडा रुंद ठेवायला सांगितला. गडी लोक उलटं करतात, काँक्रीट तोंडाशी पसरून ठेवतात आणि वर छान गोल ओटा करतात. फुगणारी माती मग त्या ओट्याला खालून धरून वर ढकलते.

२७ मे, शनिवार

प्रत्येक अँगलच्या खालच्या टोकाला सळईचा वीतभर तुकडा आडवा वेल्ड करून घेतला, म्हणजे खांब उपसून येत नाही. एक-दोन-चारचं काँक्रीट, हाताने कालवलं. ओळंबा दोन बाजूंनी लावला. पाण्याच्या नळीने माथे एका रेषेत आणले. आता आठ-दहा दिवस फक्त पाणी मारायचं. ऑगर कालच परत गेला, त्याचं भाडं थांबलं.

२८ मे, रविवार

दुपारी आंधी. आमचे खांब काल रोवलेले, त्यांच्यावर अजून जाळी नाही, म्हणून वाऱ्याला धरायलाच काही नव्हतं. संध्याकाळी उज्जैनची बातमी आली. महाकाल लोकातल्या सप्तर्षींच्या सातांपैकी सहा मूर्ती वाऱ्याने पडल्या. फायबरच्या होत्या; लोकार्पण गेल्याच ऑक्टोबरात झालं होतं. गल्लीत लगेच आमच्या बड्या गणपतीशी तुलना सुरू. १९०१ सालची पंचवीस फुटी मूर्ती, विटा, चुना, गूळ, मेथीदाणे. एकशेवीस वर्षांत हलली नाही, पूर्वीचे कारागीरच वेगळे, वगैरे. कारागिरीबद्दल वाद नाही, पण आमचा गणपती छपराखाली बसला आहे, त्याला वाराच लागत नाही. तुलना करायची तर वर्षातून चारदा त्याला शेंदूर-तुपाचा चोळा चढतो, एकेका वेळी पंधरा-पंधरा दिवस काम चालतं, ह्याची करावी. पोकळ, हलकी आणि उंच वस्तू उघड्यावर उभी केली तर प्रश्न पायाशी ती कशाने धरली आहे, एवढाच असतो. ऋषी असोत की पत्रा.

रात्री हे आयपीएलची फायनल लावून बसले होते. अहमदाबादेतही पाऊस. सामना उद्यावर गेला.

३ जून, शनिवार

श्रीवर्धनहून ताईचा फोन. निसर्ग वादळाला आज तीन वर्षं झाली. ती दर ३ जूनला फोन करते आणि विषय मात्र भलताच काढते. आज माझ्या कुंपणाचा काढला. तिच्याकडे चिऱ्याचा गडगा जागेवर राहिला, पण वाडीतल्या पोफळी ओळीने आडव्या झाल्या होत्या. मी ऑगरचं कौतुक सांगितलं. ती म्हणाली, "बाई गं, वादळानंतर आमच्याकडे कटर मिळेना, जनरेटर मिळेना. ज्याच्याकडे जनरेटर होता तो घरोघर नेऊन टाकी भरून द्यायचा, टाकीमागे पैसे. मोबाईल चार्ज करायलाही रांग. भाड्यानं मिळतं म्हणून कुणी विकत घेतलं नव्हतं, आणि त्या दिवशी सगळ्या तालुक्यालाच ते भाड्यानं हवं होतं."

ह्यात सगळं आलं. कुंपण थांबू शकतं. ऑगर मंगळवारी नसेल तर शुक्रवारी आणा. वादळाला लागणारी वस्तू मात्र सगळ्यांना एकाच संध्याकाळी लागते. तिचं भाडं ठरवायला दुकानात जाल तर दुकानदार स्वतःच्या छपरावर चढलेला असतो.

फोन ठेवून यादी केली. विकत: नायलॉनचा जाड दोर, दोन ताडपत्र्या, बॅटऱ्या, पाण्याच्या टाकीच्या झाकणाला पट्टा. भाड्याने, पण आत्ताच: शिडी, जाळी ताणायची चेन-पुली. जनरेटर प्रश्नचिन्हात.

८ जून, गुरुवार

मृग लागला. केरळात मान्सून आज पोचला, आठवडाभर उशिरा. अरबी समुद्रात बिपरजॉय वादळ फिरतंय आणि सगळा दोष त्याच्या माथी.

जनरेटरचा प्रश्न सुटला, म्हणजे मिळणार नाही हे कळलं. टेंट हाऊसवाला हात जोडून म्हणाला, २९ ला देवशयनी, पुढे अधिक श्रावण, चातुर्मास यंदा पाच महिन्यांचा. जितकी लग्नं राहिली आहेत ती सगळी ह्या तीन आठवड्यांत. त्याची डीजी, पंखे, अगदी वायरींची भेंडोळीसुद्धा बुक. आणि डीजी ट्रॉलीवरची, मांडवभर दिव्यांची. आमच्या फ्रीजला आणि दोन पंख्यांना ती काय करायची? घरच्या इन्व्हर्टरच्या बॅटरीत डिस्टिल्ड वॉटर भरलं. एवढ्याने रात्र निघते.

१० जून, शनिवार

जाळी ताणली. कोपऱ्याच्या खांबांना आधीच तिरपे टेकू दिले होते, नाहीतर ताण पडला की कोपरा आत येतो. चेन-पुली एका टोकाला, जाळीत आडवी सळई ओवलेली, दोघं जण हळूहळू ओढत. हाताने दाबली की जेमतेम एक बोट आत जावी, इतपत ताण. त्याहून जास्त ओढली तर चौकटी लांबट होतात आणि थंडीत तारा तुटतात. पाच फूट जाळी, वर एक काटेरी तार. पुली संध्याकाळी परत.

११ जून, रविवार

गच्ची. शिडी बांबूची मागितली तेव्हा शटरिंगवाल्याने हलकी ॲल्युमिनियमची पुढे केली. आमच्या गच्चीशेजारून विजेच्या तारा जातात. बांबूचीच आणली. कडुनिंबाची एक फांदी तारांवर आली आहे; तिला आम्ही हात लावला नाही. शहरात झाड तोडायला परवानगी लागते, २००१ चा कायदा आहे, आणि तारांजवळची फांदी वीज बंद केल्याशिवाय कुणीच छाटू नये. वीज कंपनीच्या १९१२ नंबरवर तक्रार नोंदवली. पावसाआधीच्या देखभालीसाठी तसेही रोज कुठला ना कुठला भाग बंद असतो.

उतरवलेले पत्रे गच्चीवर रचले होते. ते खाली आणून भंगारवाल्याला दिले. ह्यांना दोन पत्रे कोळशाच्या खोलीसाठी हवे होते. सुटा पत्रा वादळात कुठे जाईल सांगता येत नाही, दिला.

१५ जून, गुरुवार

संध्याकाळी बिपरजॉय कच्छात जखाऊजवळ धडकलं. तिथे ताशी ११५ ते १२५ चा वारा. इथे दिवसभर भणभण वारा आणि मधूनच शिंतोडे. पुण्याहून मुलाचा फोन, "आई, जनरेटर घेतलास का?" दोर घेतला म्हटलं. सोलरच्या पाट्या, डिश, टाकी, तिन्ही बांधून झाल्या होत्या. शेजारचे काका आठ वाजता ताडपत्री मागायला आले. एक दिली.

२६ जून, सोमवार

काल मान्सून मुंबईत आणि दिल्लीत एकाच दिवशी पोचला, १९६१ नंतर प्रथमच. आम्हीही भिजलो.

सकाळी छत्री घेऊन ओळंबा लावला. सगळे खांब उभे, फक्त विहिरीकडचा, दगडाशी भांडून खणलेला, बोटभर बाहेर. त्याच्या भोवती मुरूम कुटून भरायचा आहे, पाणी साचू द्यायचं नाही.

भाभी बघायला आल्या. जाळी आवडली, पण त्यातून आमचं न्हाणीघर दिसतं, म्हणून हिरवं कापड बांधून घ्या म्हणाल्या. त्यांच्याकडे मांडवाचं उरलंय, भाडंही नको. मी त्यांना वाण्याच्या बिलामागचा हिशेब दाखवला. कापड बांधलं की जाळीचा पुन्हा पत्रा होतो. भाभींनी कागद उलटा करून वाण्याचं बिल वाचलं आणि विचारलं, "तूर इतकी महाग कुठून घेता?" कापड दिवाळीनंतर बघू, असं ठरलं. कृष्णकमळाचा वेल लावावा असं माझ्या मनात होतं, पण दाट वेलही वारा अडवतो. तेव्हा गोकर्ण, आणि तीही विरळ. शटरिंगवाल्याकडे शिडीचे दोन दिवस जास्तीचे निघतात म्हणे. वही घेऊन उद्या जाते.